वाचनालयात हजामत

आमच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलं तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती. म्हणजे खरंच नव्हती. सात माणसं, एक खोली, एक पडवी, आणि पडवीत शेजाऱ्याची शेळी, कारण शेजाऱ्याकडे पडवीसुद्धा नव्हती. वडील चिऱ्याच्या खाणीत कामाला. कोकणात जांभा दगड कापून त्याचे चिरे पाडतात आणि त्या चिऱ्यांची मजबूत, देखणी घरं होतात. दुसऱ्यांची. आमचं घर कुडाचं. वडिलांनी पाडलेल्या चिऱ्यांतून अख्खी आळी उभी राहिली. त्या आळीतून जाताना ते एखाद्या भिंतीवरून हात फिरवायचे, आणि आतून कोणीतरी विचारायचं, "काय हवंय?"

पावसात खाणीत पाणी भरलं की काम बंद. मग वडील घरी बसत आणि आई ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढून आणी. जेवायला पेज आणि सुकट. बदल म्हणून कधीकधी नुसती पेज. आता हॉटेलांच्या मेनूकार्डावर हेच 'पारंपरिक कोकणी आहार' म्हणून छापलेलं दिसतं तेव्हा मला फार भरून येतं.

अशा घरातून मी बी.ए. झालो. इतिहास घेऊन. घराण्यातला पहिला. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि सांगून झालेलं असलं तरी पुन्हा सांगतो. नातेवाइकांनी पेढे खाल्ले, 'आता पुढे काय?' असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. बरोबरच होतं त्यांचं. पुढे काही नव्हतंच.

पुढचं काय ते खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी ठरवलं. चाचा सौदीत पाइप फिटरांचे फोरमन. सुट्टीवर आले होते, तेव्हा वडिलांना म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय ना? मग दे माझ्यासंगती. तिकडं कागद सांभाळायला मानूस लागतो."

तर मी रास तनुराजवळच्या एका ठेकेदार कंपनीच्या कॅम्पात डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून दाखल झालो. डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारून तो कपाटात ठेवणारा आणि मागितला की सापडत नाही म्हणणारा. इतिहास विषयाचा इतका थेट उपयोग झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कॅम्पात सगळे मला 'ग्रॅज्युएट' म्हणू लागले. निम्मे आदराने, निम्मे चेष्टेने. मी दोन्हीकडून आदरच मोजून घेतला.

कॅम्प म्हणजे पत्र्याच्या केबिनांच्या रांगा. एका केबिनीत आठ माणसं. दिवसपाळीची माणसं आली की रात्रपाळीची उठणार, त्यामुळे दिवा लावू का, रेडिओ लावू का, यावरून रोज एक छोटं युद्ध. पक्क्या भिंतींची खोली कॅम्पात एकच होती, आणि तिच्या दारावर इंग्रजीत आणि अरबीत पाटी होती: वाचनालय. तेल कंपनीचा नियम होता की ठेकेदाराने कामगारांसाठी वाचनालय ठेवायचं. आमच्या कंपनीने ते ठेवलं होतं, म्हणजे पाटी लावली होती. आत एक कपाट. कपाटात सुरक्षा नियमांची जाड पुस्तकं, मल्याळम साप्ताहिकांचा गठ्ठा, मुखपृष्ठं गळालेल्या हिंदी रहस्यकथा आणि कोणीतरी पेटीतून आणलेले जुने दिवाळी अंक, ज्यांतली शब्दकोडी आधीच सोडवलेली होती. चुकीची.

पण त्या खोलीचा एसी कॅम्पातला सगळ्यात चांगला होता, आणि म्हणून ती खोली कधी रिकामी नसायची. शुक्रवारी सकाळी तिथे हजामत चाले. राजापूरकडचा एक स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारा, फावल्या वेळात न्हावी होता. त्याची खुर्ची कपाटाशेजारी. खिडकीखाली शिलाई मशीन, टेबलावर इस्त्री. कोणाला बँकेचा फॉर्म भरून हवा, कोणाला इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, आपलं नाव बरोबर आलंय का ते बघून हवं, कोणाला गावी फोन करून काय बोलायचं ते सुचवून हवं. आणि रोज संध्याकाळी, शुक्रवारी मात्र सकाळीच, मी प्लायवूडला काळा रंग देऊन केलेल्या फळ्यावर वर्ग घ्यायचो. खडू ठेवायला बुरैद्याच्या खजुराचा रिकामा डबा.

वर्ग हेल्परांचा होता. क्रेनला भार बांधणारा आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करणारा तो रिगर. आमचे हेल्पर वर्षानुवर्षं हेच काम करत होते, पण कागदावर हेल्पर. रिगर व्हायला लेखी परीक्षा लागायची, आणि ती इंग्रजीत. साताऱ्याकडचा एक पन्नाशीला टेकलेला गडी दोनदा नापास झाला होता. खुणा त्याच्या अंगात होत्या, झोपेतही चुकला नसता. पण कागदावर प्रश्न आला की गप्प.

"मास्तर," तो मला म्हणाला होता, "हितं एसीत बसून चार अक्षरं टाळक्यात शिरत्यात. खोलीत शिरत न्हाईत. खोलीत आठ जणांचं घोरणंच शिरतंय."

म्हणून ती खोली. परीक्षा चार-सहा महिन्यांवर आलेली, आणि अभ्यासाला कॅम्पात दुसरी जागा नाही. एवढं साधं होतं सगळं.

मग एक दिवस आमचे ॲडमिन मॅनेजर मला म्हणाले की वाचनालयाचा फोटो काढायचा आहे. आमचे मॅनेजर मराठीच. पण मराठी त्यांनी दम्मामच्या विमानतळावर उतरल्याबरोबर कस्टमवाल्यांच्या ताब्यात दिली असावी, कारण त्यानंतर ती त्यांच्याजवळ कोणी पाहिली नाही. ते इंग्रजीत म्हणाले की तेल कंपनीच्या कुटुंबवस्तीत जी लायब्ररी आहे, तिथल्या अमेरिकन बाईंना ठेकेदारांच्या कॅम्पांतल्या वाचनालयांचे फोटो हवे आहेत. भिंतीवर लावायला. "चांगला काढ," ते म्हणाले. "शेवटचाच आहे."

"शेवटचा म्हणजे, सर?"

"नवी भरती येते आहे. तिथे पलंग टाकणार. वाचतंय कोण इथे?"

मी म्हटलं, "वर्ग चालतो तिथे, सर. रिगरच्या परीक्षेचा."

"मग तो मेसमध्ये घ्या." मेसमध्ये संध्याकाळी अडीचशे माणसं ताटं आपटत असतात, हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांचं जेवण ऑफिसात जायचं.

मला वाटलं, फोटो असा काढू की पलंगाचं नावच निघणार नाही. साइटच्या कामाचे फोटो काढायला माझ्याकडे कंपनीचा डिजिटल कॅमेरा होता. तो बाळगायला परवान्याचा कागद, गेटवर दाखवायला दुसरा कागद. त्या देशात तेव्हा कॅमेरा हातात दिसला की पोलीस तुमच्याकडे फार प्रेमाने बघत. मी मेसमध्ये जाहीर केलं, शुक्रवारी वाचनालयाचा फोटो.

आता फोटो म्हणजे काय हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. आमच्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओतला, मागे पडद्यावर धबधबा. घरात फोटोग्राफर येणार असेल तर आधी घर धुतात, मग माणसं धुतात.

शुक्रवारी सकाळी मी पोचलो तर चाचा लुंगी खोचून पाण्याची नळी घेऊन उभे. खुर्ची बाहेर, शिलाई मशीन बाहेर, इस्त्री बाहेर, फळा उलटा करून भिंतीला. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, त्यामुळे सुरक्षा नियम आणि रहस्यकथा जवळजवळ. मॅनेजरांच्या ऑफिसातून प्लास्टिकची फुलं आलेली.

"चाचा, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? फोटो काढनार ना? ईदेच्या आदल्या दिशी पन घर एवढा धुवीत नाहीत. बघ कसा चकाकताव!"

"आणि माणसं?"

माणसं दारात होती. आंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचे शर्ट घालून, एका ओळीत. आत यायला कोणी तयार नाही. फरशी ओली होती.

"पाय उमटतील," स्कॅफोल्डर म्हणाला. स्वतः राबून धुतलेल्या फरशीवर पाय उमटवणारा माणूस कोकणात जन्मायचा आहे.

तेवढ्यात मॅनेजर आले. ते बूट घालून आत गेले, बाकावर बसले, हातात एक बंद पुस्तक धरलं, आणि चेहरा विचारवंतासारखा केला. मी तो फोटो काढला. मग ते उठून गेले आणि मी रिकाम्या खोलीचे आणखी तीन-चार काढले. फोटो फारच सुंदर आले. खोली अशी दिसत होती की तिथे आजवर कोणी श्वाससुद्धा घेतलेला नाही.

पुढच्याच बैठकीत मॅनेजरांनी ते रिकाम्या खोलीचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले. "पाहा," ते म्हणाले. "शुक्रवार. सुट्टीचा दिवस. कोणी आहे का आत?"

कोणी नव्हतं. पुरावा मीच दिला होता, नीट उजेडात, नीट फोकसमध्ये. बैठकीनंतर चाचांनी मला गाठलं.

"ग्रॅज्युएट, पलंग येतायत म्हनं?"

"येतायत."

"मग आमी धुतली कोनासाठी? पलंगांसाठी?"

साताऱ्याचा गडी मागे उभा होता. त्याने विचारलं, "म्हंजे परीक्षेचं ऱ्हायलं म्हना." आणि उत्तर न ऐकता कामावर निघून गेला. माझ्या नातेवाइकांसारखाच.

फोटोच्या प्रती त्या बाईंकडे पोचवायचं काम माझंच. तेल कंपनीची कुटुंबवस्ती म्हणजे कुंपणाच्या आत उचलून आणून ठेवलेलं एक अमेरिकन खेडं. हिरवळ, पदपथ, सायकलीवरची मुलं. गेटवर माझा कॅमेरा ठेवून घेतला, मला आत सोडलं. लायब्ररीत गालिचा होता. आणि आवाज! मला वाटत होतं वाचनालयात शांतता पाळतात. इथे एका कोपऱ्यात मुलं गोष्ट ऐकत ओरडत होती, एका टेबलावर दोन बायका लोकर विणत होत्या, आणि खिडकीशी एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. पुस्तक छातीवर. आमच्या मल्याळी वेल्डरांची झोपण्याची ढब हीच.

बाई साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मागची अख्खी भिंत फोटोंनी भरलेली. त्या दर उन्हाळी सुट्टीत आपल्या देशात गाडी घेऊन हिंडत आणि वाटेत दिसेल त्या सार्वजनिक वाचनालयाचा फोटो काढत. मी बघत राहिलो. संगमरवरी खांबांचं वाचनालय, जुन्या पेट्रोल पंपातलं वाचनालय, बसमधलं, एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीतलं. आणि आत काय काय! एकीकडे लोक सरकारी कर भरायचे फॉर्म लिहून घेत होते. एकीकडे कपाटात पुस्तकांशेजारी करवती आणि केकचे साचे, घरी नेऊन परत आणायला. एका फोटोत बाहेर बर्फ आणि आत ओव्हरकोट घातलेले पुरुष नुसते बसलेले. ऊब घ्यायला. मी इतिहासाचा पदवीधर. वाचनालय म्हणजे पुस्तकं आणि 'शांतता राखा' एवढंच मला माहीत होतं. इथे निम्म्या फोटोंत तर कोणी वाचतच नव्हतं.

बाईंनी माझा लिफाफा उघडला. चकाकती खोली बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "छान आहे. कोण वारलं?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग माणसं कुठे आहेत?"

"बाहेर. फरशी ओली होती."

त्यांनी चष्मा काढला. "आणि फरशी वाळल्यावर काय करतात ही माणसं?"

आता इतकं झाल्यावर लपवण्यासारखं काय होतं? मी सांगून टाकलं. हजामत, इस्त्री, फॉर्म, वर्ग, आणि पलंगही. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत, त्या रागावल्या. माझ्यावर.

"मी वीस गावांत हेच ऐकलंय," त्या म्हणाल्या. "'आता वाचतंय कोण, बंद करा.' आणि दर वेळी त्यांच्याकडे असाच एक फोटो असतो. रिकामा, स्वच्छ. इमारतीचा. मी म्हणून माणसांचे काढते. तू पदवीधर आहेस म्हणालास ना?"

म्हणालो होतो. आल्या आल्याच म्हणालो होतो.

"मग परत जा आणि नीट काढून आण."

कॅम्पात परत येऊन मी सगळं सांगितलं. सगळ्यांना पटलं. पलंग नकोत, फोटो पाहिजेत, यावर दुमत नव्हतं. फक्त बनियनवर फोटो काढून घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी कॅमेरा उचलला की शिलाईवाला उभा राहून हात शिवून घेतल्यासारखे मांड्यांना चिकटवायचा. झोपलेला माणूस उठून भांग पाडायचा.

"अहो, जसे आहात तसे बसा!"

"फोटूत असला अवतार?" साताऱ्याचा गडी म्हणाला. "अर्धी दाढी, खांद्यावर टावेल? बायकू फाडून खाईल."

"बायको कशाला बघतेय? अमेरिकन बाईंच्या भिंतीवर लागणार आहे."

"म्हंजे परदेशात इज्जत घालवायची. गावातलं तर सोडाच."

शेवटी चाचांनी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. "तू वर्ग घे. तू कॅमेरा धरलास की साहेब वाटतोस. मला कोन घाबरतो?" बटन कुठलं ते मी दाखवलं. आणि चाचा पुढचे कितीतरी दिवस पाइपचा जोड तपासतात तसे सगळ्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन फोटो काढत हिंडले. पहिल्या दिवशी सगळे सावरून बसले. दुसऱ्या दिवशी कंटाळले. मग चाचांकडे कोणी बघेनासं झालं. निम्म्या फोटोंत डोकी कापलेली, एकात चाचांचा अंगठा आणि बाकी अंधार. पण राहिलेल्यांत सगळी खोली होती. इस्त्रीची वाफ, मशीनवर वाकलेली मान, इकामा दिव्याकडे धरून बघणारे दोघं.

आणि एक शुक्रवारचा. न्हाव्याच्या खुर्चीत साताऱ्याचा गडी. गालाला साबण, गळ्याशी वस्तरा. मी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहून विचारलेलं, आणि त्याने वस्तऱ्याची पर्वा न करता उजवा हात वर केलेला, तर्जनी आकाशाकडे, बोट गोल फिरवत: क्रेनवाल्याला भार वर घे म्हणायची खूण. उत्तर बरोबर होतं. न्हावी मात्र जीव मुठीत धरून उभा.

"मान हलवू नको रं बाबा," तो ओरडला होता. "रिगर व्हायच्या आधी वरती जाशील!"

बाईंनी तो फोटो मोठा करून घेतला आणि आपल्या त्या ओव्हरकोटवाल्यांच्या शेजारी लावला. भिंतीवरच्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं त्या दिवशी ठेकेदारांच्या मॅनेजरांना बोलावणं होतं, आणि फोटो मीच पोचवले म्हणून मलाही. आमचे मॅनेजर टाय लावून आले. आपला बंद पुस्तकवाला फोटो ते भिंतभर शोधत होते. तो नव्हता.

ठेकेदारांच्या कॅम्पांची व्यवस्था बघणारा तेल कंपनीचा सौदी अधिकारी त्या हजामतीच्या फोटोपुढे थांबला. खो खो हसला. मग त्याने विचारलं, "हा काय करतोय?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं: परीक्षेचा अभ्यास.

"न्हाव्याकडे?"

"वाचनालयात, सर. न्हावीही तिथेच असतो."

"माशाल्ला! कुणाचा कॅम्प?"

आणि आमचे मॅनेजर, ज्यांनी पलंगांची मागणी आधीच वर पाठवली होती, टाय सरळ करत पुढे झाले. "आमचा, सर. आमचाच उपक्रम. कामगारांच्या शिक्षणावर आमचा फार भर आहे." इतकं सहज, इतकं मनापासून, की क्षणभर मलाही वाटलं, खरंच की काय!

"मग मी बघायला येतो," अधिकारी म्हणाला. "वर्ग चालू असेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर धावत माझ्याकडे आले. आणि नवल म्हणजे मराठीत बोलले. कस्टममधून सोडवून आणली असावी. "अरे, साहेब येणार! खोली धुऊन घ्या, फुलं लावा, ती खुर्ची बाहेर काढा!"

चाचा दारात उभे होते. "नाही, सर," ते म्हणाले. "खुर्ची राहनार. आनि ह्या वक्ताला पानी कोन मारनार नाही."

मॅनेजर चाचांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "सर, साहेबांना फोटोत होतं तेच बघायचंय. उपक्रम आपलाच आहे ना?"

अधिकारी आला तेव्हा वर्ग भरलेला होता, इस्त्री चालू होती, कोपऱ्यात एकजण झोपलेला होता आणि त्याला कोणी उठवलं नाही. अधिकारी मागच्या बाकावर बसला. हेल्पर खुणा करत होते आणि मी शब्द लिहीत होतो. थोड्या वेळाने त्यानेही एक खूण करून दाखवली. ती चुकली, आणि सगळा वर्ग एका सुरात "नो, सर!" म्हणाला. तो पुन्हा हसला. जाताना मॅनेजरांना एवढंच म्हणाला की ही खोली अशीच ठेवा आणि नव्या माणसांसाठी केबिनी आणा. मॅनेजर म्हणाले, त्यांच्या मनात अगदी तेच होतं.

केबिनी आल्या. खोली वाचनालयच राहिली. परीक्षा ठरल्याप्रमाणे झाली. साताऱ्याचा गडी आणि वर्गातले बाकीचे हेल्पर इंग्रजी लेखी परीक्षा पास झाले, आणि पुढच्या महिन्यापासून रिगर म्हणून कामाला लागले.